पिंजऱ्यातला उंदीर चावतो तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याची सुटी लागली की मुलांच्या हट्टापायी प्राण्यांच्या दुकानांतून पांढरे, काळे-पांढरे उंदीर घरी येतात. बहुतेक वेळा एकच, आणि तोही माशांच्या जुन्या काचेच्या टाकीत नाहीतर पोपटाच्या पिंजऱ्यात. शाळा उघडेपर्यंत तक्रारी सुरू झालेल्या असतात: चावतो, वास मारतो, रात्रभर जाळी कुरतडतो. मग कुणीतरी त्याला सोसायटीमागच्या गटाराजवळ किंवा टेकडीवर सोडून येते. पिंजऱ्यात जन्मलेल्या प्राण्याला ना लपता येते, ना अन्न शोधता येते. त्याचा शेवट कावळ्याच्या नाहीतर बोक्याच्या तोंडी होतो. या तक्रारींपैकी जवळजवळ प्रत्येकीला ठोस कारण असते आणि ते घरच्या घरी दूर करता येते, म्हणून हे पत्र.

आधी नावाचा घोटाळा मिटवू. दुकानात 'पांढरा उंदीर' म्हणून कधीकधी माऊस देतात. तो ३०-४० ग्रॅमचा वेगळाच प्राणी. त्याचे दोन नर एकत्र ठेवले तर बहुधा मारामाऱ्या करतात. इथे लिहितो आहे ते रॅटबद्दल. नर साधारण ४५० ते ६५० ग्रॅमचा, मादी २५० ते ३५० ग्रॅमची, आयुष्य दोन ते तीन वर्षे. माळ्यावर धावणाऱ्या काळ्या उंदराची ही जात नव्हे, आणि घूस तर नव्हेच. तपकिरी उंदराचा हा माणसाळवलेला वंश आहे. प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर याच जातीचे.

चावण्याचे बघू. उंदराची नजर अधू असते आणि लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदराची त्याहून अधू. तो एका जागी उभा राहून मान डावीउजवीकडे संथपणे डोलवताना दिसतो. मुलांना वाटते नाचतो आहे, मोठ्यांना वाटते आजारी आहे. प्रत्यक्षात तो अंतर मोजत असतो: मान हलली की जवळची वस्तू जास्त सरकलेली दिसते, लांबची कमी. अशा प्राण्यावर अचानक वरून हात आला तर तो त्याला घारीच्या झडपेसारखा वाटतो. म्हणून हात न्यायचा तो समोरून, त्याच्या पातळीवरून, आणि आधी दोन शब्द बोलून. झोपेतल्या उंदराला तर हाक दिल्याशिवाय कधीही स्पर्श करू नये.

सगळ्यात जास्त चावे मात्र आपणच शिकवलेले असतात. जाळीतून शेंगदाणा, गाजर, बिस्किटाचा तुकडा भरवला की त्याच्या हिशेबी जाळीतून आत येणारी प्रत्येक गोष्ट खाऊच. उद्या तिथून शेजारच्या मुलाचे बोट आत जाते. नियम एकच आणि तो पाहुण्यांनाही लागू: जाळीतून काहीही भरवायचे नाही. खाऊ दार उघडून, पसरलेल्या तळहातावर द्यायचा. हाताला बोंबलाचा किंवा चिकनचा वास असेल तर आधी साबणाने हात धुवायचे.

दाताने चाचपणे आणि चावणे यांतही फरक आहे. ओळख करून घेताना उंदीर दातांनी हलकेच दाबून बघतो, रक्त येत नाही. तेव्हा एकच बारीक, उंच आवाजात 'ई' करावे आणि खेळ तिथेच थांबवावा. खेळात जोरात दात लागला तर पिल्लेही एकमेकांना असेच सांगतात. टपली मारणे, तोंडावर फुंकर घालणे, मानगुटीला दाबणे यांनी फक्त भीती वाढते आणि पुढचा चावा खोल बसतो.

घाबरट उंदीर सवयीचा करायला दोन-तीन आठवडे धरून चालावे. काहींना महिने लागतात. पहिले दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. अंगातून काढलेल्या, न धुतलेल्या सुती बनियनचा तुकडा पिंजऱ्यात ठेवायचा, म्हणजे आपला वास त्याच्या झोपेच्या जागेशी जोडला जातो. मग लांब दांड्याच्या चमच्यावर साधे दही किंवा नाचणीची घट्टसर पेज. चमचाच का? सुटा खाऊ दिला तर तो हिसकावून कोपऱ्यात पळतो आणि आपल्याबद्दल काहीच शिकत नाही. दही चाटायचे तर त्याला आपल्यासमोर थांबावेच लागते. दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटे. चमचा रोज थोडा आखूड धरायचा. शेवटी दही तळहाताच्या खळग्यात. बोटाच्या टोकावर नको, तिथे अन्न कुठे संपते आणि बोट कुठे सुरू होते हे त्याला नीट कळत नाही. यानंतर कोरड्या बाथरूममध्ये मांडी घालून बसावे, कमोडचे झाकण आणि मोरीचे भोक बंद करून, मांडीवर जुनी चादर पसरून. त्याला पकडायचे नाही. तो चादरीखाली शिरतो, गुडघ्यावर चढतो, बाहीत घुसतो. आपण फक्त चढण्याची जागा व्हायचे.

उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली. शेपटीला धरून कधीही नाही. शेपटीची कातडी मोज्यासारखी सोलून निघते, उघडा पडलेला भाग सुकतो आणि डॉक्टरांना तो कापावा लागतो. दुकानांतून उंदीर शेपटीला लोंबकळत पिशवीत टाकला जातो, तेच बघून मुलेही तसेच उचलतात. दुकानदारांनी ही सवय आजच सोडावी.

आता या पत्रातला माझा मुख्य आग्रह: एकटा उंदीर पाळू नका. दोन घ्या, एकाच लिंगाचे, शक्यतो एकाच वेताचे. माणूस दिवसातून तासभर वेळ देतो. उरलेले २३ तास एकट्या उंदराशी कुणी बोलत नाही. हे 'बोलणे' अक्षरशः घडते, फक्त आपल्या कानांच्या आवाक्याबाहेर. खेळताना, गुदगुल्या केल्यावर उंदीर सुमारे ५० किलोहर्ट्झचे तुटक चीत्कार काढतात. धोका किंवा त्रास असेल तेव्हा सुमारे २२ किलोहर्ट्झचा लांब सूर. माणसाला फार तर २० ऐकू येते. याक पँकसेप या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांना हाताने गुदगुल्या करून हे चीत्कार नोंदवले, आणि ते उंदीर गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे मागे धावत. बर्लिनमध्ये उंदरांना लपाछपी शिकवली गेली, तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सापडल्यावर बक्षीस म्हणून खाऊ नव्हता, गुदगुल्या आणि खेळ होता. असा प्राणी एकटा कोंडला की जाळी कुरतडतो, स्वतःचे केस उपटतो, नाहीतर दिवसभर झोपून लठ्ठ होतो.

(याच कारणाने भिंतीतल्या प्लगला लावायची 'उंदीर पळवणारी' अल्ट्रासॉनिक यंत्रे घरात असतील तर आधी काढा. आपल्याला तो प्लग गप्प वाटतो. पिंजऱ्यातल्या उंदरासाठी तो दिवसरात्र किंचाळत असतो.)

'दोन ठेवले की भांडतात' ही पुढची तक्रार. बहुतेक वेळा ते भांडण नसते. पिल्ले आणि तरुण उंदीर एकमेकांच्या मानेच्या मागच्या खळग्यावर नाक नेण्यासाठी झटतात. एक उताणा पडतो, दुसरा वर बसतो, चीं चीं होते, मग भूमिका बदलतात. हा खेळ. खऱ्या भांडणात लक्ष्य असते पाठीचा मागचा भाग आणि कूस. केस ताठ उभे राहतात, अंग दुप्पट दिसते, उंदीर पाठीची कमान करून आडवा आडवा सरकतो, शेपटी थरथरवतो. मान की पाठीचा मागचा भाग, एवढे ओळखता आले तरी अर्धे काम झाले. रक्त निघत नाही तोवर मध्ये पडू नये, कारण दर वेळी वेगळे केले की वर कोण, खाली कोण हे ठरण्याआधीच डाव मोडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. रक्त निघालेच तर मधे जाड टॉवेल किंवा पुठ्ठा सरकवावा. मोकळा हात घालू नये. त्या क्षणी तो मालकाचा हात ओळखत नाही.

नरांमध्ये पाच-सहा महिन्यांपासून वर्षभराच्या वयापर्यंत संप्रेरकांचा जोर असतो. कालपर्यंत गुण्यागोविंदाने राहणारा एखादा नर भिंतीला कूस घासू लागतो, फुत्कारतो, सोबत्याच्या पाठीच्या मागच्या भागावर जखमा करतो, माणसाच्या हातावरही केस फुलवून येतो. हे वळण लावून जात नाही. नसबंदी, म्हणजे वृषणे काढून टाकणे, हा खात्रीचा उपाय. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढे दिवस तो पिल्ले देऊ शकतो असे समजूनच त्याला माद्यांपासून दूर ठेवावे. शस्त्रक्रिया लहान प्राण्यांना भूल देण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडूनच करून घ्यावी. उंदराला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरासारखे त्याला रात्रभर उपाशी ठेवायचे नसते. हे कुणी सांगत नसेल तर दुसरा डॉक्टर शोधावा.

नवा उंदीर जुन्यात मिसळताना घाई नडते. पहिले १४ दिवस तो वेगळ्या खोलीत, म्हणजे शिंका, खरूज, उवा असतील तर कळतात. मग दोघांच्या अंथरुणाची फडकी अदलाबदल. त्यानंतर दोघांनाही अनोळखी असलेली लहान जागा: साधारण ४०-४५ सेंमी लांबीचा, हवेशीर प्लास्टिकचा क्रेट, खाली कोरडे फडके, पाण्याची बाटली, बाकी काही नाही. जागा लहान असली की पाठलाग होत नाही आणि एकमेकांना चिकटूनच झोपावे लागते. चीं चीं होते, कुणी कुणाला दाबून चाटतो, ते होऊ द्यावे. दोघे एका ढिगात झोपू लागले की त्याहून मोठी जागा, मग धुऊन काढलेला मोठा पिंजरा, आणि झोळ्या-खोपटी सर्वांत शेवटी. एकाच तोंडाचे घरटे पहिले काही दिवस नको. आत अडकलेल्याला पळता येत नाही. आठ आठवड्यांखालचे पिल्लू मोठ्या नरांत सोडू नये.

लिंग ओळखणे जमलेच पाहिजे, नाहीतर हिशेब हाताबाहेर जातो. गर्भकाळ २१ ते २३ दिवस, एका वेताला साधारण आठ ते बारा पिल्ले, आणि व्यालेली मादी २४ तासांच्या आत पुन्हा माजावर येते. पिल्ले पाच आठवड्यांची होताच स्वतः प्रजननक्षम होऊ शकतात, त्यामुळे त्याआधी नर-मादी वेगळे करावेत. चार-पाच आठवड्यांच्या नराचे अंडकोश स्पष्ट दिसतात. त्याआधी मूत्रमार्ग आणि गुदद्वार यांतले अंतर पाहावे, नरात ते मादीच्या जवळपास दुप्पट असते.

पिंजऱ्याच्या सळ्यांत अंतर सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पिल्लाचे डोके गेले की पाठोपाठ अंगही जाते. तळ जाळीचा असेल तर त्यावर फरशी, प्लायवूड किंवा जाड कापड घालावे, नाहीतर तळपायांना फोड येऊन ते चिघळतात. चाक द्यायचे तर किमान ३० सेंमी व्यासाचे आणि सलग पृष्ठभागाचे. हॅमस्टरच्या लहान चाकात पाठ उलटी वाकते. काचेच्या टाकीत अमोनिया साठतो, म्हणून ती नकोच. झोळी मात्र हवी: जुन्या गोधडीचा तुकडा चार कोपऱ्यांना अडकवला की दोन उंदीर दुपारभर त्यात पडून राहतात.

वास आणि मुतण्याबद्दल. उंदीर चालता चालता थेंब थेंब सोडतो; ती त्याची खूण आहे, अस्वच्छता नव्हे. रोज सगळा पिंजरा फिनाईलने धुतला की सगळ्या खुणा पुसल्या जातात आणि तो दुप्पट जोमाने नव्याने करतो. म्हणून रोज फक्त ओले कापड आणि लेंड्या काढाव्यात, आठवड्यातून एकदा सगळे धुवावे आणि तेव्हाही वापरलेले एक फडके मुद्दाम परत ठेवावे. मुताचा पांढरा थर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन निघतो. लेंड्या एका जागी करायला तो शिकतो: ज्या कोपऱ्यात तो आपणहून जातो तिथे ट्रे, त्यात एक गुळगुळीत दगड आणि पाच-सहा लेंड्या ठेवा. दुसरीकडे पडलेल्या रोज उचलून ट्रेमध्ये टाका. अंथरायला कागदाच्या पट्ट्या किंवा सुती कापड. सुतारकामाचा भुसा नको, विशेषतः पाईन आणि देवदाराचा; त्यातली धूळ आणि वासाची द्रव्ये थेट छातीवर जातात.

छाती हाच उंदराचा दुबळा भाग. मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू पाळीव उंदरांत जवळजवळ घरोघरी असतो. अमोनिया, धूळ, धूर मिळाला की तो डोके वर काढतो. ज्या खोलीत पिंजरा आहे तिथे उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फवारणीचे औषध नको. नव्या घरात आल्यावर दोन-चार दिवस शिंका येतात, त्या ठीक. श्वासाबरोबर घरघर किंवा किटकिट आवाज, कुशी आत-बाहेर ओढल्या जाणे, तोंड उघडून श्वास घेणे ही मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेण्याची लक्षणे.

डोळ्यांभोवती आणि नाकाशी लाल-तपकिरी डाग दिसले की लोक रक्त समजून घाबरतात. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारे ते पॉर्फिरिन नावाचे लाल रंगद्रव्य. ओल्या कापसाने पुसले आणि पुन्हा आले नाही तर चिंता नाही. सतत येत असेल तर उंदीर आजारी आहे किंवा तणावात. दुसरी घाबरवणारी गोष्ट उलट आनंदाची आहे. मांडीवर पसरलेला उंदीर पटाशीचे दात एकमेकांवर घासू लागतो, कर्र कर्र असा बारीक आवाज येतो आणि डोळे खोबणीतून आत-बाहेर थरथरू लागतात, जणू पडतील. जबड्याचा एक स्नायू डोळ्याच्या मागून जातो, त्यामुळे हे होते. अंग सैल आणि कान शिथिल असतील तर तो पूर्ण निवांत आहे. अंग गोळा, केस उभे, डोळे अर्धे मिटलेले आणि तेच दात वाजत असतील तर दुखणे आहे. आवाज तोच असतो, म्हणून अंगाकडे पाहावे. शांत स्वभावाचा, दीड वर्षावरचा उंदीर एकाएकी चावू लागला तर आधी अंग चाचपून गाठ, जखम, सुजलेला पाय शोधावा. माद्यांना स्तनांच्या गाठी बऱ्याच होतात आणि लवकर काढल्या तर बऱ्याचदा निभावते.

आपल्याकडचा उन्हाळा हा वेगळा प्रश्न. उंदराला घाम येत नाही, उष्णता शेपटीतून बाहेर पडते. १८ ते २४ अंश त्याला सुखाचे. तिशीच्या पुढे तो चिडचिडा होतो, सोबत्याला जवळ येऊ देत नाही, खाणे सोडतो. एप्रिल-मेमधल्या कितीतरी 'भांडणां'चे कारण हेच. विदर्भात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा पत्र्याखाली किंवा गॅलरीत पिंजरा ठेवणे म्हणजे मृत्यूच. पिंजरा घरातल्या सर्वांत थंड भिंतीशी, जमिनीजवळ ठेवावा. आत शहाबादी फरशीचा तुकडा, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, आणि पाण्याच्या दोन बाटल्या, कारण एका बाटलीचे निपल अडकते आणि ते संध्याकाळपर्यंत कुणाला कळत नाही. पसरट थाळीत बोटभर पाणी घालून त्यात मटाराचे दाणे सोडले तर ते पकडण्यात त्याचा अर्धा तास जातो आणि पायही गार होतात. तोंडातून लाळ गळणे, लाल शेपटी, लोळागोळा अंग हा उष्माघात: बर्फाचे पाणी नको, साध्या पाण्याने शेपटी आणि पाय ओले करून पंख्याजवळ घ्यावे आणि लगेच डॉक्टर गाठावा.

खाण्याचे थोडक्यात. मोठ्या उंदराला दिवसाला १५ ते २० ग्रॅम कोरडे खाद्य पुरते. उंदरांसाठी बनवलेल्या गोळ्या मिळाल्या तर उत्तम, कारण मिश्र दाण्यांतून तो सूर्यफूल तेवढे वेचतो. सोबत ज्वारी-बाजरीची भाकरी, बिनमिठाची शिजवलेली डाळ, गाजर, मेथी, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा. कच्चा राजमा, कोंब आलेला बटाटा, चॉकलेट, फरसाण, सोड्याची पेये नकोत. नरांना संत्र्याची साल नको. खाद्य वाटीत न देता करवंटीत, पुठ्ठ्याच्या नळीत, फडक्याच्या घड्यांत लपवून द्यावे. जाळी कुरतडणे पहिल्या आठवड्यातच कमी होते. खोलीत मोकळे सोडताना वायरी केसिंग पट्टीत घालाव्यात आणि शेजारच्या घरातही उंदीर मारायचे औषध ठेवले आहे का ते विचारून घ्यावे.

रोगराईची शंका रास्त आहे. १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगची आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतरच्या लेप्टोची आठवण आपल्याकडे अजून जागी आहे. पण लेप्टो येतो तो प्रामुख्याने रानटी उंदरांच्या मुतातून. म्हणून पिंजरा त्यांच्या वाटेवर, गॅलरीत किंवा तळमजल्याच्या मोरीजवळ नको आणि खाद्य बंद डब्यात हवे. पाळीव उंदीर चावला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, डॉक्टरांना दाखवावी, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी झाली तर डॉक्टरांना 'उंदीर चावला होता' हे आठवणीने सांगावे. रॅट बाइट फीव्हरवर साधी प्रतिजैविके लागू पडतात, पण आधी संशय यावा लागतो. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती उंदीर एकट्याने देऊ नये.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ पासून केंद्राचे नियम आहेत आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी तपासणाऱ्यांनी दुकानात एवढे जरूर बघावे: नर आणि माद्या वेगळ्या पिंजऱ्यांत आहेत का, विकताना लिंग सांगितले जाते का, आणि गिऱ्हाईक एकच मागत असताना 'दोन न्या, नाहीतर नेऊ नका' असे कुणी म्हणते का. ज्यांच्याकडे आधीच एकटा उंदीर आहे त्यांनी त्याच वयाचा, त्याच लिंगाचा सोबती वर लिहिल्याप्रमाणे हळूहळू आणावा. ज्यांना सांभाळणे खरोखर शक्य नाही त्यांनी तो मोकळा न सोडता आधीच उंदीर पाळणाऱ्या दुसऱ्या घरी पोचवावा.

शाळांना सुटी लागण्याआधी हे पत्र छापता आले तर बरे होईल.

आपला,
एक वाचक, पुणे